विजेचा उगम आणि शेतकऱ्याचे हित

शेतात पेरलेल्या बियाण्याचा वाण शेतकऱ्याला ठाऊक असतो. पाटाला आलेले पाणी कोणत्या धरणाचे आहे, हेही तो सांगतो. परंतु विहिरीवरचा पंप ज्या विजेवर चालतो ती वीज कोठे व कशी निर्माण होते असे विचारले, तर "डीपीवरून येते" यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. महाराष्ट्रात आज चाळीस लाखांहून अधिक कृषिपंप विजेवर चालतात. पूर्वी मोटेच्या काळी बैलाचा दम किती व त्याला वैरण किती लागते याचा हिशेब घराघरांत होता. मोटेची जागा घेणाऱ्या विजेचा असा हिशेब मात्र फार थोड्यांनी ठेवला आहे.

ही उणीव केवळ माहितीची असती तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. वीज रात्रीच का येते, भर हंगामात दाब का घटतो, रोहित्र का जळते, दिवसा वीज देणे आता कशामुळे शक्य होऊ लागले आहे, या प्रश्नांची उत्तरे विजेच्या निर्मितीतच सापडतात. ती समजली म्हणजे पंप केव्हा व किती चालवावा याविषयीची दृष्टीही बदलते. म्हणून पीकसंरक्षण व खतांच्या मात्रा यांच्याबरोबरच विजेच्या उगमाची तोंडओळख करून देणे हा गावपातळीवरील शेतीशिक्षणाचा भाग मानला पाहिजे.

एक तत्त्व, अनेक साधने

मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले की, तांब्याच्या तारेच्या वेटोळ्याजवळ लोहचुंबक हलविला तर तारेत वीज वाहू लागते. मोठमोठ्या विद्युत केंद्रांतील जनित्रे याच तत्त्वावर चालतात. प्रचंड वेटोळ्यांच्या मध्ये चुंबक फिरत राहतो आणि तारांतून वीज बाहेर पडते. चुंबक आपोआप फिरत नाही. त्याला फिरविणारे बळ बाहेरून द्यावे लागते. ते बळ कोठून आणावयाचे, एवढाच निरनिराळ्या केंद्रांतील मुख्य भेद होय. कोठे पडणारे पाणी चाक फिरविते, कोठे कोंडलेली वाफ, कोठे जळता वायू, तर कोठे वारा. सूर्यप्रकाशापासून पट्ट्यांद्वारे होणारी वीज तेवढी या नियमाला अपवाद आहे. तिचा विचार पुढे येईल.

विहिरीवरची मोटर हे याच कृतीचे उलटे रूप आहे. केंद्रात फिरण्यापासून वीज होते. शेतात विजेपासून फिरणे होते. पंपाचा प्रत्येक फेरा दूरवरच्या कोणत्या तरी फिरत्या चाकाशी अथवा तळपत्या सौरपट्टीशी जोडलेला असतो, हे ध्यानात ठेवावे.

पाण्यापासून वीज

सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस अमाप पडतो आणि पश्चिमेकडे कोकणात एकदम खोल उतार आहे. या भूरचनेचा लाभ घेऊन टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधले व खोपोली येथे १९१५ साली जलविद्युत केंद्र सुरू केले. ती वीज मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी होती. पुढे १९२२ साली भिवपुरी व १९२७ साली भिरा ही केंद्रे आली. स्वातंत्र्यानंतर कोयना प्रकल्प उभा राहिला आणि १९६२ पासून पोफळीच्या बाजूने त्याची वीज मिळू लागली. त्याचे पुढील टप्पे धरून कोयनेची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे.

या केंद्रांत उंचावरील पाणी बोगद्यातून व जाड पोलादी नळांतून खाली सोडतात. त्याच्या वेगाने टर्बाइन नावाचे चाक फिरते व त्याला जोडलेले जनित्र वीज देते. जळण लागत नाही, धूर होत नाही आणि झडपा उघडताच काही मिनिटांत वीज सुरू होते. संध्याकाळी घरोघर दिवे लागून मागणी एकदम वाढते तेव्हा जलविद्युत केंद्रे उपयोगी पडतात, ती या गुणामुळे.

मात्र पाणी मोजके आहे. कोयनेचे पाणी मूळचे पूर्वेकडे कृष्णेला मिळणारे. वीज निर्माण करून ते पश्चिमेकडे वाशिष्ठी नदीत उतरते आणि देशावरच्या शेताला ते पुन्हा मिळत नाही. म्हणूनच किती पाणी पश्चिमेकडे वळवावे याला कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्याने मर्यादा घातली आहे. याची दुसरी बाजूही पाहावी. एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली उतरले म्हणजे सुमारे सव्वा युनिट वीज होते. तेवढीच वीज २० मीटर खोल विहिरीतून, साधारण स्थितीतील पंपाने, आठ हजार लिटरच्या आसपास पाणी वर काढू शकते. पाणी व वीज ही अशी एकमेकांत बदलून घेता येणारी संपत्ती आहे. तिचा हिशेब भावनेने न करता मोजमापाने केला पाहिजे.

त्याबरोबरच या विजेसाठी कोणी किंमत मोजली हे विसरता कामा नये. मुळशीच्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. कोयनेच्या जलाशयाखालीही अनेक गावे गेली. ज्या विजेखातर शेतकऱ्यांची घरे उठली ती वीज दुसऱ्या शेतकऱ्याने वाया घालविणे शोभत नाही.

कोळशापासून वीज

महाराष्ट्राच्या विजेचा मोठा भार आजही औष्णिक केंद्रांवर आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी व नाशिकजवळील एकलहरे ही त्यांची ठिकाणे. पैकी एकट्या चंद्रपूरची क्षमता २९२० मेगावॉट आहे. तेथे कोळशाची पूड करून ती भट्टीत जाळतात. तीव्र उष्णतेने पाण्याची उच्च दाबाची वाफ होते, ती टर्बाइनच्या पात्यांवर सोडली जाते आणि जनित्र मिनिटाला ३००० फेरे घेऊ लागते. काम संपलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात.

कोळशातील उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्साच विजेत उतरतो. उरलेली थंडाव्याच्या पाण्यातून व धुराड्यातून निघून जाते. एका युनिटामागे अर्ध्या किलोहून अधिक, बहुधा ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. आपल्याकडील कोळशात राखही पुष्कळ असते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे साडेचार युनिटे घेतो. तो आठ तास चालला तर ३६ युनिटे झाली. ती सर्व कोळशापासून झाली असे धरले तर विहिरीच्या एका दिवसाच्या उपशामागे पंचवीस किलोंच्या आसपास कोळसा जळतो आणि आठ-नऊ किलो राख मागे राहते. चंद्रपूरच्या आकाशातील धूर आणि आपल्या बांधावरून वाहून गेलेले जादा पाणी यांचा संबंध असा थेट आहे.

औष्णिक केंद्राला कोळशाप्रमाणेच पाण्याचीही गरज असते. २०१३ च्या दुष्काळात परळीचे केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. पाऊस नसला की विहिरी आटतात आणि त्याच वेळी वीज निर्माण करणारे केंद्रही थांबू शकते, हा अनुभव मराठवाड्याने घेतला आहे.

या केंद्रांचा आणखी एक स्वभाव शेतकऱ्याला जाणवणारा आहे. त्यांची भट्टी थंड स्थितीतून पेटवून पूर्ण भारावर आणण्यास बरेच तास लागतात. म्हणून ती रात्रंदिवस चालू ठेवतात. रात्री शहरे निजतात, काही कारखान्यांची मागणी उतरते, तरी केंद्र फिरतच असते. अशा वेळी हाती असलेली वीज कृषिवाहिन्यांकडे वळविणे सोयीचे पडत आले. शेतकऱ्याच्या नशिबी आलेल्या रात्रपाळीचे एक मोठे कारण हे आहे. केंद्राच्या दृष्टीने ती सोय होती. परंतु काळोखात दारे धरणाऱ्या माणसाच्या पायाखाली साप येतो, जुन्नरसारख्या भागात ऊसाच्या फडाजवळ बिबट्याची भीती असते, हे त्या हिशेबात धरलेले नव्हते.

अणू, वायू आणि डिझेल

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. येथेही चाक फिरविते ती वाफच. फक्त तिच्यासाठी लागणारी उष्णता कोळशाऐवजी युरेनियमच्या अणूंचे विभाजन करून मिळविली जाते. इंधन अत्यल्प लागते. मात्र किरणोत्सर्गी अवशेष दीर्घकाळ जपून ठेवावे लागतात.

उरण येथील केंद्रात नैसर्गिक वायू जाळून त्याच्या तप्त झोताने टर्बाइन फिरवितात आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर पुन्हा वाफ करून आणखी वीज घेतात. ही केंद्रे लवकर सुरू होतात, परंतु वायूचा पुरवठा व त्याची किंमत यांवर त्यांचे चालणे अवलंबून असते.

लग्नसमारंभात अथवा दूधसंकलन केंद्रावर दिसणारा डिझेलचा जनित्रसंच हे सर्वांच्या परिचयाचे लहान विद्युत केंद्रच होय. एका लिटर डिझेलपासून साधारण तीन ते साडेतीन युनिटे मिळतात. डिझेलच्या भावाने हिशेब केला म्हणजे एक युनिट वीज किती मोलाची आहे, हे चटकन समजते. गावातील सभेत हे गणित फळ्यावर मांडून दाखवावे.

वारा आणि उसाचे चिपाड

सातारा जिल्ह्यात चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर आणि धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात पवनचक्क्या दिसतात. वाऱ्याने पाती फिरतात आणि उंच मनोऱ्यावरील जनित्र वीज देते. आपल्याकडे वाऱ्याचा जोर पावसाळ्यात अधिक असतो. नेमक्या त्याच महिन्यांत शेतीपंपांची मागणी कमी असते. पवनविजेचा लाभ पंपाला थेट होतो तो थोडा. मात्र तेवढा काळ धरणातील पाणी व कोळसा वाचतो आणि तो पुढे रब्बीला कामी येऊ शकतो.

साखर कारखान्यांची गोष्ट याच्या उलट आहे. ऊस पिळल्यावर राहिलेले चिपाड भट्टीत जाळून वाफ करतात. त्या वाफेवर आधी वीज घेतात आणि मग तीच वाफ रस आटविण्यास वापरतात. स्वतःची गरज भागवून उरलेली वीज अनेक सहकारी कारखाने विकतात. गाळपाचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे रब्बीच्या पाण्याच्या पाळ्या चालू असताना ही वीज हाती असते. शेतकऱ्याच्याच मालापासून, त्याच्याच गरजेच्या काळात निर्माण होणाऱ्या या विजेकडे अधिक लक्ष दिले गेले पाहिजे.

सूर्याची वीज

सौरपट्टीत फिरणारे काहीच नाही. सिलिकॉन या द्रव्याच्या पातळ चकत्यांवर प्रकाश पडला की त्यांतून वीज वाहते. ती एकाच दिशेने वाहणारी असल्याने इन्व्हर्टर नावाच्या यंत्राने तिला नेहमीच्या विजेचे रूप देतात. पट्टीवर धूळ साचली किंवा झाडाची सावली पडली की उत्पन्न घटते. म्हणून पट्ट्या वेळोवेळी पुसणे हे पिकातील तण काढण्याइतकेच नेमाचे काम समजावे.

सूर्य दिवसा असतो आणि पंपही दिवसाच चालविणे शेतकऱ्याला हवे असते. राज्य शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू केली व २०२३ साली तिला विस्तृत रूप दिले. उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून तेथील वीज त्या भागातील कृषिवाहिन्यांना दिवसा द्यावयाची, अशी तिची कल्पना आहे. केंद्राची कुसुम योजना २०१९ ची. रात्रपाळीचे जुने दुखणे खऱ्या अर्थाने दूर करू शकेल असा हा मार्ग आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु एक मेगावॉटच्या प्रकल्पाला साधारण चार ते पाच एकर जागा लागते. ही जागा निवडताना मुरमाड, पडीक जमिनीला प्रथम पसंती असावी. गायरान द्यावयाचे असेल तर गावातील जनावरे चरणार कोठे, हा प्रश्न ग्रामसभेने आधी सोडवावा. भूमिहीनांच्या शेळ्यामेंढ्यांचा चारा काढून घेऊन बागायतदाराच्या पंपाची सोय झाली, असे होऊ नये.

विजेला कणगी नाही

ज्वारी कणगीत ठेवता येते, कडबा रचता येतो. वीज तशी सहज साठविता येत नाही. ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच निर्माण व्हावी लागते. अहिल्यानगर व ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवर घाटघर येथे जादा विजेच्या वेळी पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडतात. त्याची क्षमता २५० मेगावॉट आहे. मोठ्या बॅटऱ्याही आता येत आहेत. तरीही साठवण खर्चाची आहे आणि एकूण गरजेच्या मानाने ती थोडीच आहे.

यावरून शेतकऱ्याने घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. पुष्कळ पंपांना ऑटो स्विच बसविलेला असतो. गेलेली वीज परत येताच वाहिनीवरील सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर पाच अश्वशक्तीचे दहा-बारा पंप असले आणि ते सर्व एकदम उठले, तर दाब कोसळतो, मोटरी तापतात आणि शेवटी रोहित्र जळते. त्यात नोंद पाच अश्वशक्तीची व प्रत्यक्षात मोटर साडेसात अश्वशक्तीची असा प्रकार असला, तर रोहित्र जळणे हा अपघात न राहता ठरलेली गोष्ट होते. मग ऐन गहू ओंबीवर असताना पाळी चुकते आणि दोष मात्र केवळ वीज मंडळींच्या माथी मारला जातो. दुरुस्तीला विलंब होतो हे खरे आहे व त्याबद्दल तक्रार करण्याचा शेतकऱ्याला पूर्ण हक्क आहे. परंतु एका रोहित्रावरील दहा शेतकऱ्यांनी एकत्र बसून पंप पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचे ठरविले, योग्य क्षमतेचे कपॅसिटर बसविले आणि जादा भार काढून टाकला, तर त्या तक्रारीची वेळच फार कमी येईल. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दिवसाची वीज आणि जमिनीतील पाणी

वीज साठविता येत नसली तरी पाणी साठविता येते. ऊन असेल तेव्हा पंप चालवून शेततळे अथवा टाकी भरावी आणि पिकाला गरजेप्रमाणे ठिबकने पाणी द्यावे, ही सौरविजेशी जुळणारी रीत आहे. ती अंगवळणी पडली तर शेतकऱ्याची झोप, पीक व वीज ही तिन्ही सांभाळली जातील.

येथेच एक धोका संभवतो. आजवर रात्रीच्या अपुऱ्या विजेने उपशाला नकळत लगाम घातला होता. राज्य शासनाने २०२४ साली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना जाहीर केली. सौरपंपाला तर एकदा बसविल्यावर इंधनाचा खर्च नाही. दिवसभर वीज आणि तीही बिनखर्चाची मिळाली, तर पंप बंद करण्याचे कारण उरत नाही. बेसॉल्टच्या काळ्या कातळात पाण्याचा साठा मुळात मर्यादित असतो. शेजाऱ्याने बोअर खोल नेली की आपली विहीर कोरडी पडते, हे प्रत्येक गावाला माहीत आहे. सूर्य दररोज उगवेल, पण भूजल वर्षातून एकदाच भरते. वीज फुकट झाली म्हणून पाणी फुकट झाले असे मानणारे गाव पाच-दहा वर्षांत आपल्याच विहिरी आटवून बसेल.

उपाय नवा नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पाऊस मोजून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची व त्यानुसार पिके ठरविण्याची शिस्त लावून घेतली आहे. ज्या गावाच्या वाहिनीवर सौरवीज येणार आहे, त्या गावाने वीज येण्यापूर्वीच असा ताळेबंद मांडावा. आधी पाण्याची शिस्त आणि मग दिवसाची वीज, हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

कार्यकर्त्यांचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या रब्बीपूर्वी तीन गोष्टी हाती घ्याव्यात. पहिली, प्रत्येक रोहित्रावरील शेतकऱ्यांची बैठक घेऊन पंपांची खरी अश्वशक्ती लिहून काढावी आणि पंप सुरू करण्याचा क्रम ठरवावा. दुसरी, शाळेतील मुलांना व शेतकऱ्यांना जवळचे विद्युत केंद्र, साखर कारखाना किंवा सौरप्रकल्प, जे शक्य असेल ते दाखविण्याची व्यवस्था करावी. तासाभराच्या भेटीत जे समजते ते दहा पत्रकांतून समजत नाही. तिसरी, निवडक विहिरींची पाणीपातळी दरमहा मोजून ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावी, म्हणजे उपसा किती वाढला हे सर्वांना दिसेल.

खोपोलीच्या पाण्यापासून आजच्या सौरपट्टीपर्यंत विजेच्या निर्मितीची साधने पुष्कळ बदलली आणि पुढेही बदलतील. प्रत्येक साधनाला कोणाची तरी जमीन, कोठले तरी पाणी अथवा खाणीतला कोळसा खर्ची पडतो. त्या खर्चाची जाणीव ठेवून पंपाची कळ दाबणारा शेतकरी आपल्या पिकाचे, शेजाऱ्याच्या विहिरीचे आणि पुढील पिढीच्या पाण्याचे रक्षण करील. अशी जाणीव गावोगाव निर्माण करणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे आणि त्यांनी या कामास आतापासूनच लागावे.